रेसिडेन्सीत लॅबचं संशोधन: वॉर्डातल्या डॉक्टरसाठी

दर वर्षी नवीन बॅच लागली की कुणीतरी माझ्या केबिनच्या दारात उभं राहून विचारतं, "मॅडम, थिसिसमध्ये लॅबचं काही घेता येईल का, की रेकॉर्डवरचंच काहीतरी घेऊ?" विचारण्यात उत्सुकता असते आणि धास्तीही. सिनियरांनी कानात सांगून ठेवलेलं असतं, लॅबच्या नादी लागलास तर थिसिस वेळेत सबमिट होणार नाही. मी मेडिसिनची. मुंबईत रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं पदव्युत्तर प्रशिक्षण, केली, आता सरकारी कॉलेजात शिकवते आणि पीजी गाईड, म्हणजे पदव्युत्तर थिसिसची मार्गदर्शक, आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर घ्या. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत तुमच्या हातात जे असतं ते पुढे आयुष्यात पुन्हा क्वचितच येतं.

काय असतं हातात? आजारी माणूस रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येतो, अजून सलाईन लागलेलं नाही, अँटिबायोटिकचा पहिला डोस गेलेला नाही, आणि त्याच्या हाताला सुई लावणारे तुम्ही असता. उपचाराआधीचं रक्त, आजाराचा नेमका दिवस माहीत असलेलं, आणि पुढे त्या पेशंटचं काय झालं हेही माहीत असलेलं. मोठमोठ्या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांकडे यंत्रं असतात, शिकलेले हात असतात, कधी कधी पैसाही असतो. हा नमुना मात्र नसतो. तेव्हा लॅबच्या दारात उपकार मागायला आल्यासारखे उभे राहू नका. तुम्ही बरोबरीची वस्तू घेऊन आलेला आहात.

मुंबईच्या परळ भागात हे शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आलंय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये उभी राहिलेली त्यांची प्लेग प्रयोगशाळा म्हणजे आजची परळची हाफकिन संस्था. आणि १९५२ चा बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट तर सगळ्यांना एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून पाठ असतो. पण तो सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्या रोजच्या रक्तगट तपासणीतून निघाला, हे फार थोड्यांना आठवतं. ज्या रक्ताचा गट नेहमीच्या चौकटीत बसेना ते त्यांनी बाजूला टाकलं नाही. 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखावर लंडनच्या रेस आणि सँगर यांचीही नावं आहेत. म्हणजे बिनजुळणारं रक्त मुंबईचं आणि काही तपासण्यांचं कौशल्य बाहेरचं. चांगल्या रेसिडेंटच्या थिसिसची मांडणी आजही अशीच असते.

प्रश्न वॉर्डातूनच उचला

विषय शोधायला आधी पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडू नका. आधी राउंडवर काय अडतंय ते लिहायला लागा. डेंग्यूचे दोन पेशंट, दोघांचेही प्लेटलेट वीस हजार, दोघेही पाचव्या दिवसाचे. एकाच्या पोटात पाणी होतं, बीपी उतरतं. दुसरा चहा पीत पेपर वाचत बसलेला असतो. प्लेटलेट पाहून हे आधी सांगता येत नाही. मग रक्तवाहिन्या झिरपू लागल्याची खूण रक्तात आधी दिसेल का? हा झाला प्रश्न. त्यानंतर पबमेड.

"अमुक मार्करचा अमुक आजारात अभ्यास" असं नाव असलेले थिसिस मला आवडत नाहीत. त्यात मार्कर, म्हणजे आजाराची रक्तातली खूण, मोजायचं किट आधी ठरलेलं असतं आणि प्रश्न मागून येतो. उत्तर "हो" आलं तर वॉर्डात काय बदलेल आणि "नाही" आलं तर काय बदलेल, ही दोन वाक्यं लिहिता आली तरच पुढे जा. दोन्ही उत्तरांनी काहीच बदलत नसेल तर विषय सोडून द्या.

कॅलेंडर आधी मांडा

तीन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. पहिले सहा महिने सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, जातात. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो. मधले तीन महिने जिल्हा रुग्णालयात डीआरपीला, म्हणजे तिथल्या सक्तीच्या प्रशिक्षणाला, जावं लागतं, आणि तेव्हा तुमचं सॅम्पल कलेक्शन बंद. शिवाय आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे. तो पहिल्याच टर्ममध्ये उरका. सिनॉप्सिस लिहिताना त्यातलं स्टडी डिझाइन उपयोगी पडतं. सिनॉप्सिस देऊन झाल्यावर केला तर ती नुसती परीक्षा उरते.

आता यावर आजाराचं कॅलेंडर ठेवून बघा. मुंबईत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोची खरी गर्दी जुलै ते ऑक्टोबर. तुमच्या कोर्समध्ये कामाला येतील असे पावसाळे दोनच, आणि पहिल्यातला अर्धा एथिक्स कमिटीच्या मंजुरीची वाट पाहण्यात जातो. डीआरपी सप्टेंबरमध्ये लागली तर दुसराही गेला. म्हणून साथीच्या आजारावर काम करायचं असेल तर दोन गोष्टी आधीच करा: सिनॉप्सिस एथिक्स कमिटीच्या मेच्या बैठकीत जाईल असं बघा, आणि डीआरपी हिवाळ्यात मिळावी म्हणून विभागप्रमुखांना कारणासकट लेखी विनंती द्या. बारमाही आजार असतील, म्हणजे सिरॉसिस, मधुमेह, टीबी, किडनीचा जुनाट आजार (सीकेडी), तर ही घाई नाही. नवख्याला मी तेच सुचवते.

कुणाचं दार ठोठवायचं

सगळ्यात आधी स्वतःच्याच कॉलेजात फिरा. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी या चारही विभागांत जाऊन यंत्रं कोणती आहेत आणि चालू कोणती आहेत ते बघा. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने अनेक सरकारी मेडिकल कॉलेजांत एमआरयू म्हणजे मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट दिलेली आहेत, तर काहींत विषाणूंच्या निदानासाठीची व्हीआरडीएल. तुमच्या कॉलेजात यांतलं काही असेल तर तिथे एलायझा (रक्तातली प्रथिनं मोजण्याची तपासणी) रीडर, पीसीआर, उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आणि मुख्य म्हणजे शिकवायला शास्त्रज्ञ असतो. एमआरयूचा उद्देशच तुमच्यासारख्यांचं संशोधन व्हावं हा आहे. आपल्याच इमारतीत ते युनिट आहे याचा पत्ता नसलेले थर्ड इयरचे रेसिडेंट मी पाहिलेत.

कॉलेजाबाहेर पाहायचं तर मुंबईत रक्ताच्या आजारांसाठी केईएमच्या आवारातच आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, प्रजनन आणि बालआरोग्यासाठी परळलाच त्यांची दुसरी संस्था आहे, कॅन्सरसाठी खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक. पुण्याला विषाणूंसाठी एनआयव्ही, पेशींच्या कामासाठी विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस, पाषाणला आयसर. विदर्भात सिकलसेलवर काम करायचं असेल तर नागपूर-सेवाग्राम-चंद्रपूर पट्ट्याइतका पेशंट आणि अनुभव दुसरीकडे मिळणं कठीण. यंत्र बनवण्याची हौस असलेल्या सर्जरी, ऑर्थो, ईएनटीवाल्यांनी आयआयटी मुंबईतलं बेटिक बघावं. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात.

मेल कसा लिहायचा? पाच ओळींत. मी अमुक कॉलेजात अमुक वर्षाची रेसिडेंट. आमच्या युनिटला महिन्याला या आजाराचे साधारण इतके पेशंट येतात. माझा प्रश्न हा. मी उपचाराआधीचं आणि डिस्चार्जच्या वेळचं, असं दोन्ही वेळचं प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव) क्लिनिकल माहितीसह देऊ शकते. तुमच्या लॅबमध्ये ही तपासणी शिकून स्वतः करण्याची माझी तयारी आहे, गाईडची संमती आहे, भेटायला कधी येऊ? यातली "महिन्याला इतके पेशंट" ही ओळ सगळ्यात वजनदार, म्हणून तो आकडा वॉर्डाच्या रजिस्टरवरून मोजून लिहा, अंदाजाने लिहू नका. मेलला उत्तर आलं नाही तर फोन करा, नाहीतर गाईडचं पत्र घेऊन थेट भेटा. शास्त्रज्ञ मंडळी बहुतेक वेळा आनंदाने बोलतात. गाईड तुमच्याच विभागातला लागतो, शास्त्रज्ञ को-गाईड होतात. लेखावर कुणाचं नाव कुठे येणार हे पहिल्याच भेटीत बोला आणि त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा. मराठी माणसाला हे बोलायला संकोच वाटतो. पण न बोलल्यामुळे पुढे जी कटुता येते ती मी जवळून पाहिली आहे.

कागद

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना लॅबवाल्या थिसिसला चार गोष्टी जास्तीच्या लागतात. किती मिली रक्त, किती वेळा, नेहमीच्या तपासण्यांच्याच सुईतून की वेगळ्या, हे स्पष्ट लिहा. संशोधनासाठीच्या तपासणीचा एक रुपयाही पेशंटकडून घ्यायचा नाही. नमुना कॉलेजबाहेर जाणार असेल तर दोन्ही संस्थांचा लेखी करार. परदेशी संस्थेचा सहभाग किंवा पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी, आणि तिला लागणारा वेळ रेसिडेन्सीच्या हिशोबात बसत नाही. त्यामुळे थिसिसपुरतं तरी देशातच राहा. प्राण्यांवरचं काम असेल तर त्याची एथिक्स कमिटी वेगळी.

संमतीपत्रात उरलेला नमुना साठवून पुढच्या संशोधनाला वापरायचा का, याला वेगळी चौकट ठेवा, हो किंवा नाही. ही एक चौकट विसरली की पुढचे सगळे नमुने थिसिसबरोबर निकामी होतात. मराठी संमतीपत्र इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून करू नका. "जैवचिन्हकांचे मूल्यमापन" असं लिहिलेला कागद लातूरहून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात देणं म्हणजे संमती नव्हे. "तुमच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळीच साधारण एक चमचा रक्त जास्त घेऊ. त्याचा रिपोर्ट तुमच्या उपचारासाठी नाही, हा आजार समजून घेण्यासाठी आहे. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही." हे त्याला आणि त्याच्या बायकोला दोघांनाही कळतं. कागद वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. त्या जिथे अडतील तिथे वाक्य बदला.

औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी झालीच पाहिजे. नंतर करता येत नाही. तिथे पीजी थिसिस असा वेगळा प्रकार आहे आणि निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतात.

ट्यूब

आता खरं काम. लॅबच्या थिसिसचं भलंबुरं तपासणीच्या प्लेटवर ठरत नाही, रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरतं.

वरचा डेंग्यूचाच प्रश्न घेऊ. रक्तवाहिन्या झिरपण्याशी संबंधित व्हीईजीएफ हे प्रथिन मोजायचं ठरलं. बहुतेक जण लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) काढतील, कारण वॉर्डात तीच हाताशी असते. पण व्हीईजीएफ प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं आणि रक्त गोठताना प्लेटलेट ते बाहेर टाकतात. म्हणजे सीरममध्ये तुम्ही जे मोजाल त्यातलं बरंचसं ट्यूबमध्ये तयार झालेलं असेल. डेंग्यूत तर प्लेटलेटच पडलेले. गंभीर पेशंटमध्ये व्हीईजीएफ कमी आलं असा निष्कर्ष निघेल, आणि प्रत्यक्षात तुम्ही महागड्या किटवर प्लेटलेट काउंट मोजलेला असेल! म्हणून इथे रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची जांभळी ट्यूब, प्लाझ्मा, आणि प्लेटलेट जवळजवळ उरू नयेत म्हणून दोनदा सेंट्रिफ्यूज. पहिल्या फेरीनंतर वरचा प्लाझ्मा नव्या ट्यूबमध्ये घेताना खालच्या पांढऱ्या थराला पिपेटची टिप लागू द्यायची नाही, अर्धा सेंटिमीटर सोडून द्यायचा. मोह होतो, सोडून द्या. प्रत्येक मार्करची अशी एक खोड असते. किटच्या पुस्तिकेत सीरम, प्लाझ्मा, हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं) याबद्दलचं पान असतं. ते सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचा. किट आल्यावर वाचून उपयोग नाही.

सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये (मिनिटाच्या फेऱ्यांत) लिहू नका, जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) लिहा. त्याच ३००० आरपीएमला १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे १५०० जी मिळतात आणि लहान रोटरवर त्याहून कमी. वॉर्डाशेजारच्या साइड लॅबमधलं यंत्र आणि मुख्य लॅबमधलं यंत्र एकसारखं नसतं. रोटरची त्रिज्या पट्टीने मोजून घ्या.

रात्रीच्या नमुन्याचं काय करायचं हे आधीच ठरवा. रात्री दोनला काढलेलं रक्त सकाळी नऊपर्यंत ट्रेवर पडून राहिलं तर ते टाकून दिलेलं बरं. माझा नियम असा: दोन तासांत फिरवून गोठवता येत नसेल तर तो पेशंट अभ्यासात घ्यायचाच नाही. यामुळे संख्या वाढायला वेळ लागतो, पण एकेका नमुन्यावर विश्वास ठेवता येतो. साइड लॅबच्या किल्ल्या कुणाकडे असतात, रात्री सेंट्रिफ्यूज चालू करायची परवानगी आहे का, हे सगळं दिवसा विचारून ठेवा. नाइटच्या मामांना (वॉर्डबॉयना) काम नीट समजावून सांगितलं तर ते स्वतःहून फोन करतात, "डॉक्टर, तुमचा डेंग्यू आलाय."

प्लाझ्मा लगेच छोट्या भागांत वाटा, दोनशे-दोनशे मायक्रोलिटरच्या तीन-चार क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या छोट्या कुप्यांत. एकाच मोठ्या व्हायलला पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की प्रथिनं बिघडतात. लेबलवर पेशंटचं नाव नको. अभ्यासाचा कोड, तारीख, भाग क्रमांक. साधा मार्कर स्पिरिटने पुसला जातो आणि बर्फात निघतो, म्हणून क्रायो लेबल घ्या. नाव आणि कोड जुळवणारं रजिस्टर कुलपात, व्हायल फ्रीजरमध्ये, दोन्ही एकत्र कधी नाहीत. रजिस्टरमध्ये दोन वेळा लिहायच्या: रक्त काढल्याची आणि गोठवल्याची. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तशी नोंद. नमुने घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ठेवू नका. बर्फ साचू नये म्हणून तो आतून ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतो.

प्लेट

पैशांचा आणि संख्येचा हिशोब एकत्रच करावा लागतो, कारण एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची असते आणि एक खळगाही उधार मिळत नाही. स्टँडर्डचे (प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रवांचे) सात आणि ब्लँक (नमुन्याविना) एक, प्रत्येक दुहेरी म्हणजे दोन खळग्यांत, म्हणजे १६ गेले. प्रत्येक प्लेटवर तोच राहील असा एक कंट्रोल नमुना, दुहेरी, आणखी २. उरले ७८. प्रत्येक पेशंट दुहेरी, म्हणजे एका प्लेटवर ३९ पेशंट. दोन प्लेट घेतल्या तर ७८, दोन गटांत ३९-३९.

आता स्टॅटिस्टिशियनकडे जाण्याआधी एक सोपं गणित स्वतः करा. दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायची असेल, ऐंशी टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता) आणि पाच टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरला असेल, तर प्रत्येक गटात लागणारे पेशंट म्हणजे साधारण १६ भागिले फरकाचा वर्ग, जिथे फरक एसडीच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) पटीत मोजलेला आहे. अर्ध्या एसडीचा फरक पकडायचा तर १६ भागिले पाव, म्हणजे गटाला ६४. तुमच्या दोन प्लेटमध्ये ३९ बसतात, म्हणजे साधारण ०.६४ एसडीचा फरक दिसेल, त्याहून लहान निसटण्याची शक्यता मोठी. आधीच्या लेखांत फरक तेवढा मोठा आहे का ते बघा. असेल तर दोन प्लेट पुरे. नसेल तर तिसरी-चौथी प्लेट आणायची किंवा प्रश्न बदलायचा. प्रमाण मोजायचं असेल, म्हणजे किती टक्के पेशंटमध्ये अमुक सापडतं, तर आपलं नेहमीचं चार पीक्यू भागिले एल वर्ग (पी म्हणजे अपेक्षित टक्के, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). पी ३० आणि चूक १० धरली तर ८४ येतात. ८४ म्हणजे दोन प्लेट भरून सहा पेशंट उरले, आणि त्या सहांसाठी तिसरं किट. असल्या गोष्टी सिनॉप्सिसमध्येच कळलेल्या बऱ्या.

किट आयात असेल तर हजारांच्या घरातला, कधी कधी स्टायपेंडला खिंडार पाडणारा खर्च असतो. स्वतःच्या खिशातून सगळं किट घ्यायचं नाही, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. आयसीएमआर पीजी थिसिसला आर्थिक मदत देते. जाहिरात येण्याआधी मसुदा तयार ठेवा. कॉलेजचा रिसर्च फंड, एमआरयू, को-गाईडच्या चालू प्रकल्पात तुमचा प्रश्न बसवणं, हे बाकीचे रस्ते. किट मागवताना एक्सपायरी विचारा आणि दोन्ही प्लेट एकाच लॉटच्या मागा. नमुने पूर्ण गोळा होत आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. यायला आठवडे लागतात हे खरं, पण फ्रीजरमधले नमुने वाट पाहू शकतात, किटची तारीख पाहू शकत नाही.

पिपेट धरायला आधी शिका. मला एका लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी शिकवलं. त्यांनी पहिल्या दिवशी मला किटजवळ फिरकूच दिलं नाही. सूक्ष्म वजनकाट्यावर छोटी वाटी ठेवली, शंभर मायक्रोलिटर पाणी टाकायला लावलं आणि आकडा वाचायला सांगितला. शंभर मिलिग्रॅम यायला हवेत. ९६ आले, मग १०३, मग ९८. "अंगठा सोडताय झटक्यात," त्या म्हणाल्या. "हळू सोडा, टिप सरळ धरा, पाण्यात दोन-तीन मिलिमीटरच बुडवा." ओळीने दहा वेळा एक टक्क्याच्या आत येईपर्यंत त्यांनी उठू दिलं नाही. आज माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हेच करायला लावते. दुहेरी खळग्यांत वीस टक्के फरक आला की दोष किटवर जातो, आणि बहुतेक वेळा तो अंगठ्याचा असतो.

प्लेट लावताना गंभीर पेशंट एका प्लेटवर आणि साधे दुसऱ्या प्लेटवर असं कधीही करू नका. दोन प्लेटमधला फरक हाच मग तुमचा निष्कर्ष होऊन बसतो. दोन्ही गट दोन्ही प्लेटवर मिसळा, कोण कुठे हे दुसऱ्या कुणाला ठरवू द्या, आणि प्लेट वाचून होईपर्यंत तुम्हाला फक्त कोड माहीत असू दे. एकाच पेशंटचे आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने असतील तर ते मात्र एकाच प्लेटवर शेजारी शेजारी.

युनिट आणि वेळ

एलायझाला सकाळपासून चार-पाच तास सलग लागतात. इमर्जन्सीच्या दिवशी नाही, पोस्ट-इमर्जन्सीलाही नाही, कारण रात्रभर जागलेल्या हाताने पिपेट धरायची नसते. युनिटचा ओपीडी, इमर्जन्सी, राउंड पाहून आठवड्यातला जो दिवस त्यातल्या त्यात मोकळा असेल तो लॅबचा ठरवा आणि युनिट हेडना पहिल्या महिन्यातच सांगा. त्या दिवशी तुमचे बेड जो को-रेसिडेंट सांभाळेल त्याची एक इमर्जन्सी तुम्ही घ्या. फोन त्याच्याकडे देऊन जा. ग्लोव्ह घातलेल्या हाताने फोन उचलायची सवय लॅबमध्ये आणू नका, आणि हिपॅटायटिस बीचे तीनही डोस झाले नसतील तर आधी ते घ्या.

वॉर्डातलं काम सोडून लॅबमध्ये जाणारा रेसिडेंट कुणालाच आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. पेशंट आधी. लॅबचा दिवस बुडाला तर प्लेट पुढच्या आठवड्यात लागेल.

हे शक्य नसेल तर

प्रत्येक कॉलेजात उणे ऐंशीचा फ्रीजर नाही, हे मला माहीत आहे. जिथे वीज दिवसातून दोनदा जाते तिथे प्लाझ्मा साठवण्याचा हट्ट करू नका. पण लॅबचं संशोधन म्हणजे फक्त एलायझा नव्हे. पॅथॉलॉजीच्या कपाटांत वर्षानुवर्षांचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेले ऊतींचे तुकडे, पडून असतात. त्यांना वीज लागत नाही, वेळेची घाई नाही, आणि एथिक्सच्या परवानगीने त्यांवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून ऊतीतली प्रथिनं रंगवून पाहणं) करता येते. सर्जरी आणि गायनॅकच्या रेसिडेंटना मी हे आवर्जून सुचवते, कारण पेशंट त्यांचेच होते आणि फॉलोअप त्यांना काढता येतो. मायक्रोबायोलॉजीत रोज वाढणारे जंतू आणि त्यांचे अँटिबायोटिकचे निकाल आहेत. डब्ल्यूएचओचं व्होनेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आयसीयूचा वर्षभराचा डेटा घालून बघा, तुमच्या आयसीयूत पहिलं अँटिबायोटिक कोणतं द्यावं हे त्यातून निघतं. पेरिफेरल स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) आणि चांगला मायक्रोस्कोप यावरही उत्तम थिसिस होतात. मात्र स्मिअर दोघांनी एकमेकांना न सांगता वाचले पाहिजेत.

शेवटचे महिने

निकाल "फरक नाही" असा आला तर तो तसाच लिहा. नमुने नीट घेतले असतील तर तोही निकाल आहे आणि छापला जातो. थिसिस सबमिट झाला की त्याच महिन्यात लेख लिहायला बसा, कारण एकदा परीक्षेचा अभ्यास सुरू झाला की फाइल उघडली जात नाही. पैसे भरा आणि आठवड्यात छापू म्हणणाऱ्या जर्नलच्या मेलला उत्तर देऊ नका. केईएमचे डॉक्टर १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' काढतात. तिथले मूळ लेख वाचून आपला लेख कुठे बसतो ते बघा.

ज्यांना या कामाची गोडी लागेल त्यांनी पुढचं आताच पाहून ठेवा. संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल फेलोशिप आहेत, आयसीएमआरच्या तरुण डॉक्टर-शास्त्रज्ञांसाठीच्या योजना आहेत, पीएचडी आहे. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, स्वतःच्या हाताने काय केलंस?

आणि कॉलेज सोडण्याआधी फ्रीजर सोपवा. कुठल्या रॅकच्या कुठल्या खोक्यात कुठल्या खणात कुठला कोड आहे याचा तक्ता, कुणी पुढच्या संशोधनाला संमती दिली आहे त्यांची यादी, आणि ज्यांनी नाही दिली त्यांचे नमुने बायोमेडिकल वेस्टच्या नियमांनी नष्ट केल्याची नोंद. हे तिन्ही कागद गाईडच्या सहीने एमआरयूत किंवा विभागात द्या आणि एक प्रत नव्या जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला) समोर बसवून समजावून सांगा. पुढच्या पावसाळ्यात तिला त्याच नमुन्यांवर दुसरा मार्कर पाहता येईल.